उरलेला माल

जुबेदा मावशी कुणाच्या घरी गेली की थेट दारातून आत जात नसे. आधी ती घराच्या मागे जायची. तिथे तिचं काय चाललंय ते घरातल्यांना खिडकीतून दिसायचं. पन्हळीत हात घालून पाचोळा चाचपायचा, गच्चीवरून खाली येणाऱ्या पाइपावर बोटाच्या पेराने टकटक करायचं, भिंतीच्या पायाशी वाकून शेवाळ कुठवर चढलंय ते बघायचं. मग ती पुढच्या दारी यायची, चपला काढायची आणि पाणी मागायची. पाणी पिऊन झालं की पहिलं वाक्य घराबद्दल असायचं, माणसांबद्दल नाही. गल्लीत एकाच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा ती पेढे खायला गेली, आणि पेढा हातात धरून तिने आधी सांगितलं की संडासाच्या मागे पिंपळ उगवलाय, तो आजच उपटा, मूळ आत गेलं तर भिंत फुटेल. त्यानंतर पेढा तोंडात टाकला आणि मुलगा काय करतो ते विचारलं.

लोणावळ्यात गावठाणाच्या मागे चढावर ही गल्ली आहे. घरं पायऱ्यांसारखी एकावर एक. वरच्याच्या अंगणाची माती खालच्याच्या मोरीमागे दगडी भिंतीने अडवलेली. पुण्याच्या एका दैनिकासाठी मी मावळची बातमीदारी करत होते आणि गल्लीच्या वरच्या टोकाला भाड्याने राहत होते. माझ्या खालचं घर जुबेदा तांबोळीचं. तिच्या खालचं सिंधूताई शेडगे यांचं. त्या दोघींच्या मधली भिंत हा या मजकुराचा विषय आहे.

मावशी ठेंगणी होती आणि झपाझप चालायची. पदर डोक्यावरून घेऊन कानामागे घट्ट खोचलेला. जन्म सोमाटण्याजवळच्या खेड्यातला. लोणावळ्यात उभं आयुष्य काढूनही बोली मावळातलीच राहिली. पती उस्मानभाई रेल्वेत होते, घाटातल्या गँगमध्ये. रूळ, कडे आणि कड्यांना धरून ठेवणाऱ्या भिंती यांतच त्यांची सगळी नोकरी झाली. मुलगा सोमाटण्याला गॅरेज चालवतो. मावशी गेल्या हिवाळ्यात त्याच्याकडेच वारली. मला ते फोनवर कळलं.

मे महिना लागला की ती गल्लीभर एकच प्रश्न विचारत फिरायची: "शाकारलं का?" पूर्वी इथली घरं कौलारू होती. पावसाळ्याआधी कौलं उतरवून, फुटकी बदलून पुन्हा बसवायची, याला शाकारणी म्हणत. ते काम टाळायची कुणाची हिंमत नसे, कारण टाळलं तर पहिल्याच झडीला अंथरूण भिजे. मग स्लॅब आले. कौलं गेली, त्यांच्याबरोबर शाकारणीही गेली. मावशीच्या मते सगळा घोटाळा तिथे झाला. "स्लॅबला काय करावं लागत न्हाई, हे कुनी सांगितलं? स्लॅब म्हंजे काय देव हाय?" असं ती म्हणायची. तिच्या हिशेबी आता शाकारणी म्हणजे गच्चीवरच्या जाळीतला कचरा काढणं, पन्हळ धुणं, टाकीचं जादा पाणी कुठे पडतं ते बघणं, खिडकीच्या चौकटीला सुटलेली फट भरणं. या सगळ्यात सर्वांत वर भिंतीतली भोकं.

माती अडवणाऱ्या भिंतीत बांधतानाच भोकं किंवा पाइपाचे तुकडे ठेवतात. पावसाचं जे पाणी मागच्या मातीत मुरतं ते त्यांतून बाहेर पडतं. ती बुजली तर पाणी आत साठतं, मातीचं वजन वाढतं आणि भिंत पुढे येते. अभियंते हे आकृती काढून सांगतात. मावशी बंगल्यांच्या फाटकात उभी राहून, बायकापुरुष कुणीही समोर असो, सांगायची, "मानसाची लघवी तुंबली तर मानूस मरतो. भिंतीचं बी तसंच हाय." ऐकणारे इकडेतिकडे बघायचे. ती बघायची नाही.

तिचं हत्यार म्हणजे छत्रीची काडी. लोणावळ्यात पावसाळ्यात वाऱ्याने उलट्या झालेल्या छत्र्या रस्त्याकडेला पडलेल्या असतात. पर्यटक त्या तिथेच टाकून जातात. मावशी त्यांच्या काड्या उपसून आणायची. लवचीक, पातळ, टोकाला बोथट. भोकात घालून गोल फिरवली की आतलं शेवाळ, माती, गांधीलमाशीचं घर, खेकडा, जे असेल ते बाहेर. गल्ली संपली की ती पुढच्या आळीत जायची, तिथून बंगल्यांकडे. कुणी बोलावलेलं नसायचं.

तिचं सांगणं नेहमी बरोबर असे, असं मात्र नाही. माझ्या घरमालकाच्या गच्चीतून ओल येत होती. मावशीने ठामपणे सांगितलं की जाळीखालचा पाइप तुंबलाय. मालकाने माणूस लावून पाइप फोडला. पाइप साफ होता. ओल शेजारच्या टाकीच्या नळातून येत होती. नवा पाइप बसेपर्यंत आम्ही जिन्याखाली बादल्या लावल्या. मालक तिला चार शब्द बोलले. तिने ते ऐकून घेतले, आणि जाताना शेजारच्या टाकीचा नळही एकदा बघून गेली.

दुसऱ्या एका वेळी ती एका हॉटेलच्या मागच्या भिंतीत काडी घालत होती. वरच्या हिरवळीवर मुंबईहून आलेल्या मंडळींची हळद चालू होती. भोकातून धामण निघाली. चांगली लांब, शांतपणे भिंत चढून ती मांडवाच्या दिशेने गेली. पुढे काय झालं याचं वर्णन गल्लीत वेगवेगळ्या प्रकारे केलं जातं. नवरदेव टेबलावर चढला याबद्दल मात्र दुमत नाही. व्यवस्थापकाने मावशीला फाटकाबाहेर काढलं. बाहेरून तिने त्याला सांगितलं की धामण राहत होती म्हणजे भोक मोकळं आहे, काळजी करू नका, बाकीची मात्र बघायची राहिली.

जुम्याच्या मशिदीचे विश्वस्त आणि मारुतीच्या देवळाची समिती, दोघेही तिला सारखेच टरकून असत. मशिदीच्या मागची पन्हळ गंजली होती तेव्हा तिने बायकांमार्फत निरोप पाठवला की पन्हळ बदलेपर्यंत मी शिरखुर्मा पाठवणार नाही. देवळाच्या सभामंडपाला समितीने नवा रंग दिला आणि रंगावर ओघळ नकोत म्हणून पाण्याच्या पाइपांची तोंडं आत वळवली. मावशी देवळाच्या पायरीखाली उभी राहून समितीच्या अध्यक्षांना म्हणाली, "भाऊ, देवाला पाऊस सोसतो. भिंतीला सोसत न्हाई." पाइप परत बाहेर आले.

हे सगळं लोकांनी हौस म्हणून, स्वभाव म्हणून, म्हातारपणचा चाळा म्हणून स्वीकारलं होतं. तो चाळा कशामुळे लागला हे गल्लीत तिघांनाच माहीत होतं. मावशीला, सिंधूताईंच्या मुलाला, म्हणजे संतोषला, आणि मला.

मावशी आणि सिंधूताई एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आल्या होत्या. एकमेकींना त्या जुबे आणि सिंधे म्हणत. मधल्या भिंतीवरून वाट्या खालीवर जात. वरून खाली शेवया आणि बिर्याणी, खालून वर पुरणपोळी आणि अळूचं फदफदं. ही भिंत मावशीच्या अंगणाची, उस्मानभाईंनी उभी केलेली. गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून त्यांनी तिच्यात ओळीने भोकं ठेवून घेतली आणि बायकोला बजावलं की घर विकलंस तरी चालेल, ही भोकं बुजवू नकोस. लघवीचं ते वाक्यही मुळात त्यांचंच.

उस्मानभाई गेल्यानंतरच्या एका उन्हाळ्यात मावशीने न्हाणीघराची फरशी बदलून घेतली. काम संपत आलं होतं. घमेल्यात थोडं सिमेंट कालवलेलं शिल्लक होतं. खालून सिंधूताईंची हाक आली की भिंतीच्या भोकात साप दिसलाय, आता मी मोरीवर बसायची कशी. गवंडी म्हणाला, "मावशी, माल उरलाय. फेकू, का तेवढी भोकं बुजवून घेऊ?"

उरलेला माल फेकायचा नसतो, हे इथल्या घराघरांत ठरलेलं आहे. प्रत्येक घरात उरलेल्या मालाची खूण सापडते. उंबऱ्याशी केलेला कारण नसलेला उतार, तुळशीच्या कट्ट्याला दिलेला जाड थर, अंगणात मधेच उमटलेला सिमेंटचा चौकोन. काम संपलं की गवंडी विचारतो आणि घरची बाई एखादी जागा दाखवते. मावशीने भिंत दाखवली. गवंडी खाली सिंधूताईंच्या मोरीपाशी गेला, प्रत्येक भोकात मूठभर माल कोंबला आणि अंगठ्याने गुळगुळीत केला. सिंधूताईंनी त्याला चहा दिला.

भिंत पुढच्या आषाढात पडली. झड लागून राहिली होती. दुपारची वेळ. सिंधूताई मोरीवर भांडी घासत होत्या. गल्लीतले लोक धावले आणि त्यांनी हातांनी दगड उचलले. उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला होता. पुण्याला नेलं. पाय काढावा लागला नाही, पण तो कधी पूर्ववत झाला नाही. त्या पुढे वॉकर धरून घरातल्या घरात चालत. गल्ली चढाची असल्याने घराबाहेर पडणं संपलं.

बातमी मी दिली. तलाठ्यांच्या पंचनाम्यात अतिवृष्टीमुळे भिंत कोसळल्याची नोंद होती, बातमीतही तेच होतं. अंक आला त्या सकाळी मावशी वर आली. त्या दिवशी ती घराच्या मागे गेली नाही. तेव्हा ती अजून कुणाच्याच घराच्या मागे जात नव्हती. तिने पेपर माझ्यासमोर ठेवला.

"पेपरवाले, हे तू लिवलंस?"

मी हो म्हटलं.

"खोटं लिवलंस. पावसानं न्हाई पडली. मी पाडली."

तिने सगळं सांगितलं. साप, घमेलं, गवंड्याचा प्रश्न. सांगताना ती रडली नाही. एका ठिकाणी मात्र थांबली. गवंड्याने विचारलं तेव्हा उस्मानभाई डोळ्यांसमोर आले होते, ती म्हणाली. अगदी समोर आले, बोट वर केलेलं. "तरी म्हनलं, बुजव." हे बातमीत छापून आण, असं तिचं म्हणणं होतं. मी तिला सांगितलं की पंचनामा बदलल्याशिवाय बातमी बदलत नाही. ती तलाठ्यांकडे गेली. त्यांनी तिला खुर्ची दिली, बोलणं ऐकलं, आणि मावशी, घरी जाऊन विश्रांती घ्या म्हणाले.

त्या संध्याकाळी संतोष आला. तलाठ्यांकडून ते त्याच्या कानावर गेलं होतं. तो नवलाख उंबरे गावाच्या बाजूला एका कारखान्यात कामाला होता आणि आईसाठी रजेवर होता. मावशी माझ्याच ओट्यावर बसली होती. तो खालच्या पायरीवर उभा राहून बोलला. भिंत पावसाने पडली असेल तरच सरकारची मदत मिळते, माणसाने पडली तर मिळत नाही, एवढाच त्याचा मुद्दा होता. मावशी म्हणाली, मी घर गहाण टाकते. तो म्हणाला, "मावशी, तुमचं घर गहाण टाकून आईचा पाय येनार हाय का? पावसानं पडली असंच ऱ्हाऊ द्या." मग, जाता जाता, "आन आईला बी सांगू नका. तिला आता हितं तुमच्याशिवाय कोन हाय?"

मावशीने त्याला शब्द दिला. बातमी तशीच राहिली.

कबूल करायला दार नव्हतं, म्हणून तिने दुसरं काही तरी धरलं. पुढच्या मे महिन्यापासून ती घरांच्या मागे जाऊ लागली. आणि दुसरं म्हणजे रोज असरची, दुपार कलल्यावरची, नमाज झाली की लसूण घालून कढवलेलं तिळाचं तेल वाटीत घेऊन ती पायऱ्या उतरायची आणि सिंधूताईंचा पाय चोळायची. पाऊस, उन्हाळा, रोजे, ताप, काही असो. रमजानात घशाला कोरड पडलेली असायची तरी ती यायची आणि चोळून झालं की इफ्तारीला वर धावायची.

सिंधूताई खाटेवर उशीला टेकून बसलेल्या असत. पाहुणे आले की त्यांना सांगत की हिच्यासारखी शेजारीण मिळायला भाग्य लागतं, सख्खी बहीण एवढं करणार नाही. अशा वेळी मावशीची मान आणखी खाली जायची आणि हात जोरात चालायचे. "आगं हळू," सिंधूताई म्हणायच्या. "पाय हाय माझा, भांडं न्हाई." पाहुणे हसायचे. मी तिथे अनेकदा बसलेली असे. मावशी माझ्याकडे कधीच बघायची नाही. मला जे माहीत होतं ते तिला माझ्या तोंडावर दिसत असावं.

लोकांच्या पन्हळी धुणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या घरात पाणी गळत होतं. स्वयंपाकघराच्या छतावर काळा डाग होता आणि तो वर्षागणिक वाढत होता. न्हाणीघराचा नळ बंद होत नसे. मागचं दार फुगून चौकटीत बसेनासं झालं होतं. मुलगा सोमाटण्याहून माणूस घेऊन आला तर तिने त्याला दारातून परत पाठवलं. मला ती म्हणाली की या घरात पुन्हा घमेलं शिरणार नाही. कारण विचारायची गरज नव्हती. तिने स्वतःला दिलेली ती शिक्षा होती, आणि ती कुणी माफ करावी अशी तिची इच्छाही दिसत नव्हती. तिला माफी एकाच ठिकाणची हवी होती. तिथे मागायची सोय नव्हती, कारण ती शब्दाने बांधलेली होती. पाय चोळताना तिच्या डोक्यात दुसरं काही चालत असेल असं मला वाटत नाही.

वर्षं गेली. पडलेल्या जागी नवी भिंत उभी राहिली, प्लास्टिकचे पाइप ठेवून. संतोषचं लग्न झालं. माझी बदली पुण्याच्या कार्यालयात झाली आणि सामान हलवायच्या आधीच्या आठवड्यात मी सिंधूताईंचा निरोप घ्यायला खाली गेले.

त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्याला नव्या फरश्या बसवणं चालू होतं. असर होऊन गेली होती. मावशी खाटेच्या कडेला बसून पाय चोळत होती. सिंधूताईंचे डोळे मिटलेले होते. संतोषची बायको आतून आली. ती चिंचवडची, शहरात वाढलेली, बोलायला मोकळी. म्हणाली, "मावशी, गवंडी म्हणतात थोडा माल उरलाय. त्या भिंतीतले पाइप भरून घेऊ का? काल एका पाइपातून एवढी मोठी गोम निघाली."

मावशीचे हात थांबले.

"न्हाई," ती म्हणाली.

सुनेने हसत विचारलं, "का हो?"

"भिंत पडंल."

"एवढ्याशा पाइपांनी?"

मावशीने आधी सिंधूताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पायाकडे. संतोष कामावर होता. ती म्हणाली, "एवढ्याशाच भोकांनी पडली हुती. मी बुजवली हुती. असाच उरलेला माल घालून."

आत गवंड्याची थापी वाजत होती. सिंधूताईंनी डोळे उघडले नाहीत.

"तुला काय वाटलं, मला ठावं न्हाई?" त्या म्हणाल्या. "दगडाखाली पडले हुते तवा तोंडासमोरच हुता. गोल गोळा, शिमिटाचा. त्यावर त्या गवंड्याचा अंगठा. मानसं येईस्तोवर तेच बघत पडले हुते."

मावशीने विचारलं की मग इतकी वर्षं बोलली का नाहीस.

"काय बोलू? सापापायी मीच वरडले हुते. त्याला च्या बी मीच दिला." मग, "आन बोलले असते तर तू यायची बंद झाली असतीस. गपगुमान घरात बसली असतीस. मी वळखते तुला."

या ठिकाणी हे प्रकरण मिटलं असतं. सुनेने सुस्कारा सोडला. मलाही तसंच वाटलं. दोघींची चूक सारखी, दोघींना ठाऊक, आणि पाय अजून मावशीच्या मांडीवर. मावशी गप्प राहिली असती तर तिला जे हवं होतं ते तिला त्या क्षणी मिळालेलं होतं.

ती गप्प राहिली नाही.

"सिंधे, तुला ठावं नव्हतं," ती म्हणाली. "तू सापाला भ्याली, म्हनून बोललीस. मला ठावं हुतं. त्यांनी सांगून ठेवलं हुतं, भिंत पडंल म्हनून. मला ठावं हुतं आन मी बुजव म्हनलं."

सिंधूताईंनी डोळे उघडले. "ठावं हुतं?"

"व्हय."

"पडंल हे ठावं हुतं?"

"व्हय."

सिंधूताईंनी दोन्ही हातांनी स्वतःचा पाय उचलला आणि मावशीच्या मांडीवरून काढून खाटेवर घेतला. "जा आता तू," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता.

मावशीने वाटी उचलली आणि ती पायऱ्या चढून गेली. गवंड्याला सुनेने सांगितलं की माल फेकून द्या.

दुसऱ्या दिवशी मावशी खाली गेली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. तिच्या घराचं पुढचं दार बंद होतं. मी हाक मारली तर आतून ओ आली, दार उघडलं नाही. मे संपत आला होता आणि गल्लीत कुणी शाकारलं का म्हणून विचारत नव्हतं. लोकांना वाटलं ती मुलाकडे गेली. संतोष एकदा तिच्या दाराशी येऊन उभा राहिला. ठाऊक असून बुजवल्याचंही त्याला आता कळलं होतं. दार न वाजवता तो परत गेला.

माझं सामान टेम्पोत चढवत होते त्या सकाळी खालून वॉकरचा आवाज आला. अॅल्युमिनियमचे चार पाय दगडी पायरीवर टेकायचे, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा. सिंधूताई गल्ली चढत होत्या. भिंत पडल्यापासून त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. सून मागे हात पसरून येत होती आणि त्या तिला मागे बघून रागावत होत्या की हात लावू नकोस, पडले तर माझी मी पडेन. मधे त्या कठड्याला टेकून थांबल्या. मुकादम हमालांवर ओरडत होता, तो गप्प झाला. शेजारच्या बाया दारांत आल्या, पण कुणी पुढे झालं नाही.

मावशीच्या पायरीपाशी पोचल्यावर त्या खाली बसल्या. वॉकर बाजूला ठेवला. दार वाजवलं नाही. फक्त हाक मारली.

"जुबे."

दार लगेच उघडलं. मावशी दारामागेच उभी असावी. डोक्यावर पदर नव्हता. इतक्या वर्षांत मी तिचे केस पहिल्यांदा पाहिले, पांढरे, विरळ. ती उंबऱ्यात उभी राहिली आणि तिला बाहेर यावं की नाही ते कळेना.

सिंधूताईंनी मान वळवली नाही. रस्त्याकडे बघतच त्या बोलल्या.

"ठाऊक असून बुजवलंस. ते मी इसरनार न्हाई. मरंपत्तुर न्हाई." दम लागला होता, त्या थांबल्या. "पन म्हनून पाय दुखायचा ऱ्हात न्हाई."

मावशी आत गेली. भांड्यांचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा हातात बाटली होती. एक पायरी खाली उतरून बसली आणि म्हणाली की तेल गार आहे, गरम करून आणते.

"बस तितंच," सिंधूताई म्हणाल्या, आणि पाय तिच्या मांडीवर ठेवला.